अळी सापडली, साखर सुटली

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याला लागलं की इंद्रायणीच्या काठावर इंदुरी गाव येतं. सरसेनापती दाभाड्यांची गढी नदीवर वाकून उभी आहे. देहू इथून फार लांब नाही. याच इंदुरीत १९६४च्या सुमारास कॅडबरी कंपनीनं दुधाची शेती सुरू केली. गाई सुधारायच्या, मावळातल्या शेतकऱ्याला दुधाचं तंत्र शिकवायचं आणि त्या दुधाचं चॉकलेट करायचं, असा बेत होता. पुढे तिथे कारखाना वाढला. वारा योग्य दिशेचा असला की रस्त्यावरच्या माणसाला कोकोचा वास येतो.

चिंचवडच्या आजूबाजूला मोटारी, इंजिनं आणि बेअरिंगं होतात हे सगळ्यांना माहीत असतं. टीव्हीवर ज्याची जाहिरात लागते तो खाऊही याच पट्ट्यात होतो, हे तितकं चर्चेत येत नाही. इंदुरीला चॉकलेट, रांजणगावला बटाट्याचे वेफर्स, पिरंगुटला शीतपेयाच्या बाटल्या. चाकणचा बाजार मोटार कंपन्या येण्याआधी कांदा-बटाट्यासाठीच ओळखला जायचा, आणि वरच्या अंगाला सातगाव पठारावर वेफर्ससाठी करारानं बटाटा लावला जाऊ लागला. तेव्हा या मालाच्या जाहिरातींचा इतिहास सांगायचा तर मुंबईच्या जाहिरात कंपन्यांच्या कचेऱ्यांइतकाच तो पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांच्या घरातून सांगावा लागतो. माल इथे बनत होता आणि त्याची जाहिरात बघणारंही इथेच राहत होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वर्षभरात सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुणे परिसरात चित्र दिसू लागलं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची नगरपालिका तेव्हा तीन वर्षांची होती. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून, मग टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्या मागे आलेले शेकडो लहान-मोठे कारखाने. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, जळगावकडून माणसं आली. पगार ठरलेल्या तारखेला आणि बोनस दिवाळीच्या आधी. शेतीवर जगणाऱ्या महाराष्ट्राला हातात रोख पैसा येण्याची ही शिस्त नवीन होती, आणि माल विकणाऱ्याला तीच हवी असते.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननं पैसे घेऊन जाहिराती दाखवायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यात फारसा जीव नव्हता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर शरबताचा रंग दाखवणार कसा? रंग आला १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पतपेढीचं कर्ज काढून टीव्ही घेण्याचे ते दिवस. ज्याच्याकडे संच असेल त्याच्या दारात चाळीतली निम्मी पोरं बसायची, आणि चपलांचा ढीग ओलांडून घरधन्याला दुसऱ्या पाळीला निघावं लागायचं.

त्या पोरांना जाहिराती पाठ होत्या. मधेच कोणी उठून जाण्याची सोय नव्हती, कारण चॅनेल एकच आणि बसायची जागा उठली की गेली.

१९८३ला मॅगी नूडल्स भारतात आल्या. पुढच्या वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली आणि तिचं प्रायोजकत्व मॅगीवाल्या कंपनीनं घेतलं. नेस्लेच्या या भारतीय कंपनीचं नाव तेव्हा ‘फूड स्पेशालिटीज’ असं होतं. मेक्सिकोतल्या बोधपर मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायला निघालेल्या सरकारी मालिकेनं संदेश किती पोहोचवला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नूडल्स मात्र घरोघर पोहोचवल्या, यावर आहे.

मॅगीच्या जाहिरातीत शाळेतून आलेलं भुकेलं मूल असायचं, हसरी आई असायची आणि दोन मिनिटं असायची. ही जाहिरात चिंचवडमध्ये का लागू पडली, हे बघण्यासारखं आहे. गावच्या घरात चार वाजता आलेल्या पोराला आजी भाकरीचा तुकडा, गूळ, शेंगदाणे, भाजके फुटाणे देत होती. इथे आजी बीडला राहिली होती. नवरा पहिल्या पाळीला असेल तर बाई पहाटे पाचला उठून डबा करायची, दुसऱ्या पाळीला असेल तर रात्री बारापर्यंत जागायची, आणि मधल्या वेळात पापड लाटायचे किंवा शिवणकाम करायचं. तिच्याकडे दोनच मिनिटं आहेत, हे तिला कोणीतरी पहिल्यांदा सांगत होतं. जाहिरातीनं तिच्या अडचणीला नाव दिलं आणि त्या नावापुढे किंमत लिहिली. जाहिरात भोळ्याभाबड्यांना फसवते हे आपलं आवडतं उत्तर मला म्हणूनच पुरं वाटत नाही. फसायला ती बाई भोळी नव्हती. ती दमलेली होती.

त्याच सुमारास अहमदाबादच्या खंबाटा कुटुंबाचं रसना आलं. एका पाकिटात ३२ ग्लास. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडून भाचरं आली की पातेलंभर सरबत व्हायचं. रसनाचं पाकीट म्हणजे अर्क आणि रंग. साखर घरची घालावी लागे. म्हणजे साखर आईच्या हातून पडायची, आणि किती पडली ते तिला दिसायचं. महिन्याचा डबा उतरला तर तीच ओरडायची. पुढच्या चाळीस वर्षांत टीव्हीनं जे विकलं, त्यातली साखर आणि मीठ घालणारा हात तिच्या स्वयंपाकघरातून उठून कारखान्यात गेला. पाकिटाच्या मागच्या बाजूला, डोळ्यांना ताण पडेल अशा अक्षरांत, तेवढा उरला.

इथे एक कबूल करायला हवं. पिंपरी कॅम्पातला छोले-भटुरा, कंपनीच्या फाटकाबाहेरचा वडापाव, चापेकर चौकातली भजी या गोष्टीही काही पथ्याच्या नव्हेत. तेलही तेच, पुन्हा पुन्हा तापवलेलं. पण वडापाववाला ‘हम लोग’ प्रायोजित करत नव्हता. वडापाव खाल्ल्यानं मूल हुशार होतं, उंच होतं किंवा क्रिकेट जिंकतं असं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

हुशारीचं आणि उंचीचं खातं दुधात घालायच्या भुकट्यांकडे होतं. बोर्नव्हिटानं १९७२ पासून रेडिओवर प्रश्नमंजूषा चालवली आणि नव्वदच्या दशकात ती झी टीव्हीवर नेली. दर आठवड्याला दोन शाळांची चुणचुणीत मुलं उत्तरं द्यायची आणि मधे डबा दिसायचा. बूस्टसाठी आधी कपिल देव आणि मग सचिन तेंडुलकर. परीक्षेच्या हंगामात, महिन्याच्या किराण्याच्या यादीत हा डबा लिहिताना आईबापांना वाटायचं की आपण पोराच्या अभ्यासावर खर्च करतोय.

१९९१च्या आखाती युद्धानं उपग्रह वाहिन्या आणल्या. गच्चीवर ताटाएवढी नव्हे, चांगली पलंगाएवढी डिश बसली, आणि केबलवाल्याची काळी तार एका इमारतीवरून दुसरीकडे, मग विजेच्या खांबावरून झोपडपट्टीकडे गेली. शीतपेयांची लढाई याच तारेतून घरात शिरली. कोका-कोला १९७७मध्ये देश सोडून गेली होती. तिच्या जागी थम्स अप आणि गोल्ड स्पॉट, लिम्का यांचं राज्य होतं. १९९०मध्ये पेप्सी आली, १९९३मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं थम्स अपसकट पार्लेची शीतपेयं विकत घेतली. १९९६च्या विश्वचषकाचं अधिकृत पेय कोका-कोला होतं. पेप्सीनं सचिनला घेऊन ‘यात अधिकृत काही नाही’ अशी टर उडवली आणि लोकांना टरच जास्त आवडली. त्या स्पर्धेत पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारीला केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. सामना बघायला चिंचवडहून लोकलनं गेलेल्यांनी केनिया लक्षात ठेवला. घरी टीव्हीवर बघणाऱ्यांच्या लक्षात दर षटकानंतरची बाटली राहिली असावी. सचिन पुढे, २०११मध्ये, कोका-कोलाकडे गेला.

चॉकलेटनंही याच दशकात कात टाकली. तोवर ते लहान मुलांचं होतं. १९९४मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात कंपनीतल्या पीयूष पांडे यांनी डेअरी मिल्कसाठी केलेल्या जाहिरातीत षटकार बसताच एक मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत जाते. मोठ्यांनीही लाज न बाळगता खावं, एवढंच तिचं म्हणणं. जाहिरात म्हणून ती अप्रतिम आहे. आजही लागली तर मी बघतो. त्यानंतर मोर्चा वळला सणांकडे. पेढे-बर्फीच्या जागी चॉकलेटचा डबा. दसऱ्याला कंपन्यांनी कामगारांना मिठाई वाटण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे, आणि त्या पुडक्यांत हळूहळू जांभळ्या रंगाचे डबे दिसू लागले.

आणि मग २००३ साल उजाडलं.

त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. दोन टीव्हीवर गाजल्या. तिसरी गाजली नाही. ती आधी सांगतो, कारण क्रमानंही तीच आधी झाली. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास करत होते. जन्मलेल्या बाळांची मापं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. लांबी कमी, पोट लहान, दंड बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत कातडी धरून मोजली तर चरबी मात्र जवळपास तिकडच्या बाळांइतकी राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरून ठेवणारं बाळ. हा निबंध २००३च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. अशा शरीराला पुढे भरपूर साखर आणि तेल मिळालं, हालचाल कमी झाली, तर मधुमेह लवकर गाठतो, हे याज्ञिकांच्या कामाचं सार. टीव्हीच्या बातमीला यात काही नव्हतं. जप्ती नाही, किडे नाहीत, नट नाहीत.

५ ऑगस्टला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं जाहीर केलं की १२ शीतपेयांच्या नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले आहेत. संसदेत गदारोळ झाला. दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रमुख पत्रकार परिषदेत शेजारी शेजारी बसले. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, स्वातंत्र्यानंतरची ही चौथीच, आणि तिचे अध्यक्ष होते शरद पवार. ४ फेब्रुवारी २००४ रोजी समितीनं अहवाल दिला, संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले आणि पेयांसाठी मानकं करा असं सांगितलं.

चर्चा कशाची झाली? ऊस, पाणी आणि त्यात उतरलेलं लिंडेन, डीडीटी यांची. बाटलीतली साखर, जी कंपनीनं जाणून आणि प्रमाणात घातली होती, ती या भांडणात आलीच नाही. कीटकनाशक शून्यावर आणलं की पेय निर्दोष, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. त्याच उन्हाळ्यात कोका-कोलानं २०० मिलिलिटरची बाटली ५ रुपयांना आणली होती आणि आमीर खान तिची जाहिरात करत होता. ५ रुपये म्हणजे कामगाराच्या पोराच्या खिशातला पैसा. या किमतीनं जे केलं ते कुठल्याही घोषवाक्याला जमलं नसतं. टीव्हीवर दिसणारी गोष्ट थेरगावच्या, काळेवाडीच्या टपरीवर चिल्लरीत मिळू लागली. टपरीवाल्याला कंपनीनं लाल फ्रिज दिला. दार काचेचं, आत दिवा, आणि रांग लावायची ती कंपनीच्याच मालाची. गल्लीत रात्री इतर सगळे दिवे गेले तरी तो फ्रिज तेवढा उजळलेला. गोटी सोड्याची गाडी त्याच्यापुढे कुठे टिकणार?

दोन महिने गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या निघाल्याची तक्रार आली. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त तेव्हा उत्तम खोब्रागडे होते. प्रशासनानं नमुने तपासले, अळ्या असल्याचं जाहीर केलं आणि पुण्याच्या कारखान्यातला, म्हणजे आपल्या या इंदुरीच्या कारखान्यातला, साठा जप्त केला. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम.

कंपनी म्हणाली, आमच्याकडे चूक नाही; दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. प्रशासन म्हणालं, तुमचं वेष्टणच हवाबंद नाही. या वादात दोघांकडेही थोडं थोडं खरं होतं, हे जुनं वेष्टण ज्यानं हातात धरलंय त्याला कळेल. आत चांदीचा कागद, नुसता दुमडलेला. त्यावर छापील कागदाची बाही, कडेला थोडा डिंक. चिकटवून बंद केलेलं काहीच नाही. किराणा दुकानात ही वडी काउंटरवर, तांदळाच्या आणि रव्याच्या पोत्यांपासून दोन हातांवर असायची. ज्या घरात रव्याचा डबा पंधरा दिवस उघडा राहिलाय, त्या घराला अळी कुठून येते हे शिकवावं लागत नाही. बाईनं रवा चाळून घेतला असता. चॉकलेट चाळता येत नाही, आणि ते विकत घेताना आपण स्वच्छतेचे पैसे मोजले अशी तिची समजूत होती. घाव तिथे बसला.

वाहिन्यांना तर मेजवानीच मिळाली. चोवीस तास बातम्या दाखवणाऱ्या वाहिन्यांचं पीक नुकतंच आलेलं होतं. चिमट्यात धरलेली अळी पडदाभर मोठी करून दिवसभर दाखवली गेली. डेअरी मिल्कची टीव्हीवरची जाहिरात कंपनीनं थांबवली, ती सुमारे दीड महिना. एरवी सणाच्या दिवसांत वाढणारी विक्री ३० टक्क्यांनी खाली आली. त्या दिवाळीत मिठाईवाल्यांकडे रांगा लागल्या, आणि आमच्या भागात लोकांनी काजूकतली घेताना ती जणू कुठल्या जिंकलेल्या लढाईची निशाणी असावी अशा आवेशात घेतली.

मग कंपनीनं जे केलं त्याचे धडे आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत देतात. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून १ लाख ९० हजार दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं. १५ कोटींपर्यंत खर्च करून परदेशी यंत्रं आणली. जानेवारी २००४मध्ये नवं वेष्टण आलं: आत उष्णतेनं सीलबंद केलेली ॲल्युमिनियमची पन्नी, बाहेर प्लॅस्टिकचं पाकीट. वेष्टण १० ते १५ टक्के महाग पडलं, तरी वडीची किंमत वाढवली नाही. आणि टीव्हीवर आले अमिताभ बच्चन. कारखान्यातली तपासणी डोळ्यांनी पाहून समाधान झालेला, मग स्वतः तोडून खाणारा बच्चन. दोन-अडीच महिन्यांत विक्री जवळपास पहिल्या जागी आली.

काम चोख होतं, यात वाद नाही. अळीचा प्रश्न सुटला. पण नीट बघितलं तर ही सगळी लढाई वेष्टणाची होती. वेष्टणाच्या आत जे कृतीबरहुकूम, ठरल्या मापानं घातलं होतं, त्याबद्दल प्रशासन काही बोललं नाही, वाहिन्याही बोलल्या नाहीत. प्रशासनाला दोष देता येत नाही. त्याच्या हातातला कायदा १९५४चा, अन्न भेसळ प्रतिबंधाचा. त्याला जे कळायचं ते भेसळीचं कळायचं: दुधात पाणी, मिरचीत विटेचा चुरा, चॉकलेटात अळी. साखर ही चॉकलेटातली भेसळ नाही. तो तर त्यातला मुख्य माल. अळी सापडते तेव्हा कायद्याचा हात वर होतो. साखर सापडते तेव्हा कायदा विचारतो, पाकिटावर लिहिली होती ना?

संकटाचं उत्तर जाहिरातीनं द्यायचं, हा पायंडा इथून पक्का झाला. २००६च्या ऑगस्टमध्ये शीतपेयांवर त्याच दिल्लीच्या संस्थेचा दुसरा अहवाल आला, आणि या खेपेला आमीर खान कारखान्यातली तपासणी दाखवायला पडद्यावर उभा राहिला. बच्चन तर कॅडबरीच्या सुमारास पेप्सीचीही जाहिरात करत होते. पुढे २०१४मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनीच सांगितलं की जयपूरच्या एका शाळकरी मुलीनं त्यांना विचारलं, आमच्या बाई ज्याला विष म्हणतात त्याची जाहिरात तुम्ही का करता, आणि त्यानंतर त्यांनी ती सोडली. एका पोरीच्या प्रश्नानं हे झालं. संसदीय समितीच्या अहवालात जाहिरातीचा प्रश्न या शब्दांत कुणी विचारला नव्हता.

दरम्यान क्रिकेट चिंचवडच्या दारात आलं. द्रुतगती मार्गाला लागून गहुंजे इथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं नवं मैदान झालं. १ एप्रिल २०१२ रोजी त्याचं उद्घाटन केलं शरद पवारांनी, तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षांनी. पुढच्याच हंगामात आयपीएलच्या नावामागे पेप्सीचं नाव लागलं आणि पुण्याच्या संघाचे सामने ‘पेप्सी आयपीएल’ म्हणून तिथे खेळले गेले. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्या समितीनं पेप्सीतलं कीटकनाशक खरं ठरवलं, त्यांनीच उघडलेल्या मैदानावर. यात कुणी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. समितीला विचारलेला प्रश्नच तेवढा होता, आणि त्याचं उत्तर तिनं दिलं होतं.

२०१५च्या उन्हाळ्यात पाळी मॅगीची. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या नमुन्यात शिसं जास्त निघालं. ५ जूनला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभर बंदी घातली. परत मागवलेल्या हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या चंद्रपूरला. जाहिरात केली म्हणून बच्चन, माधुरी दीक्षित आणि प्रीती झिंटा यांच्यावर बिहारात गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विद्यासागर कानडे आणि बर्गिस कोलाबावाला यांच्या खंडपीठानं बंदी रद्द केली: कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्या तपासणीची मान्यता नव्हती. नव्या तपासण्यांत शिसं मर्यादेत निघालं. नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली तेव्हा ऑनलाइन विक्रीत ६० हजार पुडकी पाच मिनिटांत संपली. शिसं नाही हे सिद्ध झालं. मैदा, पामतेल आणि मीठ होतं तिथेच होतं. त्यांच्यावर आरोपच नव्हता.

जाहिरातींवर नियम नव्हते असं नाही. केबल वाहिन्यांच्या १९९४च्या नियमावलीत लिहिलंय की मुलांना अनारोग्यकारक सवयींची गोडी लावेल अशी जाहिरात दाखवू नये. ते वाक्य वेफर्सच्या जाहिरातीला लावायचं, असं कुणाच्या मनात आलं नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतानं तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या सगळ्याच जाहिराती १९८०मध्ये बंद केल्या. चिलीनं २०१६मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापले आणि तृणधान्याच्या खोक्यांवरचे वाघ-सिंह उतरवले. महाराष्ट्र सरकारनं मे २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर बाहेर काढले. २०२०च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विक्री आणि जाहिरात दोन्ही मना केलं. चिंचवडच्या कुठल्याही शाळेच्या फाटकापासून ५० मीटर चालून बघा. दोन रिक्षा, एक झेरॉक्स आणि मग दुकान, त्याच्या दारात ५ आणि १० रुपयांच्या पाकिटांच्या माळा, पहिलीच्या पोराच्या हाताला येतील एवढ्या खाली सोडलेल्या. पाकिटावर टीव्हीवरचाच चेहरा.

जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं की वेफर्स, शीतपेयं आणि तत्सम पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर करायची नाही. बड्या कंपन्यांनी मुलांच्या वाहिन्या आपणहून सोडण्याचं त्याआधीच, २०१८मध्ये, कबूल केलं होतं. दोन खोल्यांच्या घरात मात्र मूल कार्टून बघतं ते आई स्वयंपाकात असेपर्यंत. साडेसातनंतर रिमोट आजीकडे जातो आणि मराठी मालिका लागते; मार्च ते मे तो बापाकडे असतो आणि आयपीएल लागतं. मूल तिथेच बसलेलं असतं. मालिका मोठ्यांची, सामना सगळ्यांचा. नियम वाहिनी कुणाची ते बघतो. समोर कोण बसलंय हे त्याला दिसत नाही.

साखरेवर पहिल्यांदा थेट बोट ठेवलं ते एप्रिल २०२३मध्ये, आणि ते टीव्हीवर नव्हतं. रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटाच्या डब्यामागचा तक्ता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून वाचला. कंपनीची वकिली नोटीस आल्यावर त्यानं चित्रफीत काढून टाकली, माफीही मागितली. तोवर ती लाखो फोनांत गेली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं कंपनीला जाब विचारला. या वेळी अळी नव्हती, शिसं नव्हतं, कीटकनाशक नव्हतं. डब्यात जे असायला हवं होतं तेच होतं आणि तक्रार त्याचीच होती. त्या वर्षअखेरीस कंपनीनं १०० ग्रॅममागची घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना कळवलं की ‘हेल्थ ड्रिंक’ असा वर्ग कायद्यात कुठेच नाही, तेव्हा अशी पेयं त्या नावाखाली विकू नका.

पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, जीएसटीचे दर बदलले. साखरेच्या शीतपेयांवरचा कर ४० टक्के राहिला. चॉकलेट, बिस्किटं आणि नूडल्सवरचा कर मात्र ५ टक्क्यांवर उतरला, आणि चिंचवडच्या दुकानांत जुन्या छापील किमतीवर नव्या, कमी किमतीचे स्टिकर चिकटवायचं काम सणाच्या गर्दीत बरेच दिवस चाललं.